आत्याने घासलेले इंजिन

पुराव्यावाचून मी कशावरही विश्वास ठेवत नाही, असा तुमचा आरोप आहे. एकदा ठेवला होता.

वडिलांच्या पश्चात त्यांची जुनी मोटरसायकल रत्नागिरीच्या घरी पडवीत गंजत होती. दादाने मुंबईहून ट्रंक कॉल करून बजावले, "रविवारी येतोय. चालू झाली नाही, तर भंगारात देणार."

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असले, तरी इंजिन कधी उघडले नव्हते. पुस्तक समोर ठेवून उघडले आणि प्रत्येक भागावर रंगाचा ठिपका देऊन वहीत नोंद केली. शनिवारी कॉलेजातून परतले, तर आत्याने सगळे भाग कोकमाची सोलं लावून घासून सुपात मांडलेले. ठिपका एकही उरला नव्हता.

"अगो, किती मळलं होतं सगळं!"

बाकीचे भाग मापांवरून बसवले. दोन व्हॉल्व्ह मात्र हुबेहूब सारखे होते. एक पेट्रोल आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. धुराचा तेवढा जास्त उष्णता सोसणाऱ्या पोलादाचा; अदलाबदल झाली असती, तर दुसरा जळून इंजिन गेलेच असते.

आत्याने एक उचलला. "हा धुराचा. ह्यानं माझा खांदा भरून आणलान."

"दोन्ही सारखेच चमकताहेत. कशावरून?"

"चाळीस वर्षं भांडी घासत्ये. दूध करपलेलं पातेलं कोणतं, ते घासल्यावरही ओळखत्ये मी."

मी वहीत लिहिले, 'साक्ष: आत्या', आणि व्हॉल्व्ह बसवला.

रविवारी दादासमोर सतराव्या किकला इंजिन सुरू झाले. तो बोलायच्या आत आत्या बाहेर आली आणि धुराकडे पाहून कडाडली, "केलंस ना परत काळं?"