लॉर्कन मुद्दाम चुकला

हॅलो?... हॅलो, कोण बोलतंय?... अगं मुरिन! बोल, सूनबाई, बोल. थांब हं, हात बरबटलेत, फोन खांद्यावर घेते... हं.

काय करणार, रविवारची तयारी! थर्ल्सला हर्लिंगची फायनल म्हणजे निम्मं गाव आमच्याच गाडीच्या डिकीपाशी जेवणार. हॅम शिजवून ठेवतेय... हो, पुलावर झेंडे लागलेत. आणि आमच्या त्या खाटकाने दुकानाच्या काचेवर लॉर्कनचा एवढा मोठा फोटो लावलाय... हातात हर्लीची काठी घेतलेला, तोच. छान आलाय गं. नाक मात्र बापाचं, त्याला कोण काय करणार...

काही नाही, मॅटी विचारतोय, मॅच आज आहे का. सकाळपासून तेच चाललंय... नाही मॅटी, रविवारी! आणि पोरगा खेळणार आहे, तू नाही. बूट काढ बघू... हं, बोल गं. नवरा म्हणून केला होता, आता लेकरू झालंय.

तू आज एवढी गप्प का?... लॉर्कन कुठाय?... भर दुपारी झोपलाय? पडदे लावून?... दमला असेल गं. काल तोंडी परीक्षा, लगेच संध्याकाळी सराव. चार वर्षं हेच बघतेय मी. दिवसा गणित आणि दिवे लागले की मैदान. निम्मा प्रबंध तर संघाच्या बसमध्ये लिहिला त्याने. बाकीची पोरं पत्ते कुटायची, आणि हा मांडीवर वही घेऊन... पण झालं ना सगळं छान! काल म्हणाला, मस्त झाली परीक्षा. मी म्हटलं, डॉक्टर झालास तर ये आणि बापाचं बीपी तपास...

काय?... नाही झाली म्हणजे?... अगं पण मला तर तो... हो... हो... मधूनच उठून आला? परीक्षकांसमोरून?... स्वतःचं? स्वतः लिहिलेलंच वाचता येईना?... रडू नकोस. मुरिन, ऐक ना, रडू नकोस. नीट सांग. कधीपासून?

वॉटरफर्डच्या मॅचपासून... पण तेव्हा तर उठला होता की तो! डोक्यावर फटका बसून आडवा पडला, मग उठला, सगळं मैदान उभं राहिलं... मीही टाळ्या वाजवल्या गं. हाताला मुंग्या येईपर्यंत वाजवल्या.

रोज उलट्या?... आणि उजेड सहन होत नाही. हं... हं... एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो...

थांब गं, गॅस बंद करते... तुला पुढचं सांगायला नको, पोरी. याच्या बापाने उघड्या डोक्याने खेळून जे कमावलं, ते समोर बसलंय माझ्या. बशीत चहा ओततंय आणि कप शोधतंय.

पण मग याला खेळायला सोडलं कसं? संघाचा डॉक्टर काय झोपा काढतो? ती टेस्ट असते ना, कॉम्प्युटरवर. शब्द लक्षात ठेवायचे, चित्रं ओळखायची... पास झाला? अशा अवस्थेत पास झाला?... अगं ऐक ना, ज्याला स्वतःचं गणित कळेना, तो... जानेवारीत? जानेवारीचं काय?... हो, माहितीये. मोसमाआधी सगळ्यांची एकदा घेतात. पुढे डोक्याला लागलं तर ताडून बघायला...

मुद्दाम?

लॉर्कन मुद्दाम चुकला?... म्हणजे चांगलं असलेलं डोकं आधीच बिघडलेलं दाखवून ठेवलं. पुढे खरंच बिघडलं तरी फरक दिसू नये म्हणून... सगळीच पोरं करतात? सगळी पोरं विहिरीत उडी मारतील!... नाही गं, तुझ्यावर नाही ओरडत. अगं, शाळेत एक मार्क कमी पडला तर जेवायचा नाही हा. चुकीचं उत्तर द्यायला हात तरी कसा उचलला त्याचा?... उठव त्याला. चिडू दे. दे फोन.

लॉर्कन?... हो, मीच... सांगितलं तिने. सगळं. तिला एक शब्द बोलायचा नाही, मी सांगून ठेवते... बरं. बरं आहेस ना तू? मग मला एवढंच सांग, काल परीक्षेनंतर घरी किती वेळा फोन केलास?... एकदा नाही, राजा. दोनदा. दोन्ही वेळा तेच सांगितलंस, त्याच शब्दांत. मला मेलीला वाटलं, आनंदाने पुन्हा सांगतोय.

हं. ऐकतेय... माहितीये, डिनीकडे मधल्या फळीत दुसरा कोणी नाही. मॅनेजर आहे ना तो? मग शोधेल... माहितीये, गावातला पोरगा फायनलला उतरायची किती वर्षं वाट बघितली सगळ्यांनी. मी नाही बघितली?... सत्तर मिनिटांचा प्रश्न आहे. हो. तुझे बाबाही असंच म्हणायचे, एवढी एकच मॅच, नुआला... हेल्मेट वॉटरफर्डच्या मॅचलाही होतंच ना तुझ्या डोक्यावर?... परीक्षा पुढे कधीतरी देशील? कशाने देशील रे? दुसरं डोकं कुठे ठेवलंयस?

नाही... नाही म्हणजे नाही. डिनीला आत्ता फोन करते. हो, जानेवारीचंही सांगणार... बाकीच्या पोरांचं उघड्यावर येईल? येऊ दे, त्यांच्याही आया जाग्या होतील... होऊ दे तुझी नाचक्की. चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसणार नाही, तेही चालेल. हरलो तर माझं नाव घेतील. घेऊ देत... मॅटी, गप्प बस जरा, मी पोराशी बोलतेय!

काय म्हणालास?... पुन्हा म्हण... डिनीला फोन केला तर जन्मात माझ्याशी बोलणार नाहीस.

बरं. नको बोलूस.

पण बोलता येईल एवढा तरी शिल्लक राहा, सोन्या... लॉर्कन?... हॅलो?... लॉर्कन?