विनोदनं आखलेलं वर्तुळ

—पहिलं रिक्षा बंद कर रे मनोज, मग ओरड. मी जिती आहे, बघ. हातपाय धड, वाचा तर तुला ऐकूच येतेय. विनोदनं धाडलं ना तुला शोधायला, आणि वाटेत मी इथं खर्डीत दिसले? आई तानसा धरणाच्या पाण्याकडं गेली, फोनवर नुसती बें बें करते — असंच म्हणाला असंल. म्हणणारच. फोन शेळीच्या गळ्यात होता. हस, हस, पण ऐक तरी.

माझ्या लेकानं कल्याणला बसून माझ्याभोवती वर्तुळ आखलंय, मोबाइलात. घर, विहीर, शेजारच्या गुणाबाईचं अंगण — एवढंच आत. बाहेर पाऊल पडलं की तिकडं त्याची घंटी वाजते. म्हटलं, तुला रे कसं कळतं? तर म्हणे, आई, अक्षांश-रेखांश दिसतात. मला सांगतो! त्याच्याच भूगोलाच्या पुस्तकावर मी वाचायला शिकले, चुलीपुढं, कुणी शिकवलं नाय. अक्षांश म्हणजे आडव्या रेघा. साडेएकोणिसाची आपल्याकडनं जाते — बांधावरून, जंगलातनं, थेट समुद्रात, तिथनं कुठल्या कुठल्या मुलखात. तिला कुणी विचारत नाय, कुठं चाललीस बाई? आणि तसल्याच रेघांनी हा मला बांधतो. सासूनं विहिरीपर्यंत मोकळीक दिली, नवऱ्यानं म्हशाच्या जत्रेपर्यंत, आणि लेकानं परत गुणाबाईच्या अंगणात आणून सोडलं. दावं लांबत लांबत आखडलं की रे.

म्हणून फोन पिशवीत घालून शेळीच्या गळ्यात अडकवला. ती खुंट्याला, म्हणजे वर्तुळात, आणि मी माझ्या वाटेला. कुणाला पत्ता नव्हता. आज मेलीनं दावं तोडलं. फोन तर विनोदनंच असा करून दिलाय की आपोआप उचलला जातो, आईची बोटं चालत नाय म्हणून. तो म्हणाला असंल, आई बोल — आणि ही बोलली.

खर्डीत काय करते म्हणतोस? या भगीरथाला पेपर वाचून दाखवते. बायको गेली त्याची, डोळ्यांनी दिसेनासं झालंय. पुण्याचं काम. आणि नाचणीची भाकरी करतो, बायकांना जमत नाय अशी, चाचपून चाचपून थापतो — तिकडं काय बघतोस? ते लुगडं? असंल कुणाचं. हिरवं लुगडं काय जगात एकच असतं? बरं, माझं आहे. परवा पावसात अडकले, राहिले. त्याच्या आधीही राहिले. तू काय पोलीस आहेस?

वर्तुळ मोडलंस तर कल्याणला नेईन म्हणतो, तिसऱ्या माळ्यावर. तिथं वर्तुळ कशाला लागतंय, दार लावलं की झालं. त्याचीच भीती वाटते मला, खोटं कशाला बोलू.

वाजला बघ तुझा फोन. तोच. सापडली नाय म्हणून सांगशील? — नको. दे इकडं.

विनोद, मी बोलते. शेळी नाय, आईच. खर्डीला आहे, भगीरथाच्या ओट्यावर. एकटी? एकटी नाय रे, तेच तर सांगते. आज येणार नाय. उद्याचं माझं मी बघीन. नाय, कल्याणला पण नाय. तू जेवलास का? मग जेव. ठेवते.

घे तुझा फोन. आता उभा का? गावात कुणाला सांगू नको — नाय, थांब, सांग. गुणाबाईला पहिलं सांग, बाकीच्यांना ती सांगंल. निघ, आमची जेवायची वेळ झाली.