सोवळ्यातली किल्ली

तुमच्याकडे कधी फ्रिजला कुलूप लावायचे? आमच्या काचीगुड्याच्या घरी लावायचे. देशाचा बाजार परदेशी कंपन्यांना नुकताच खुला झाला होता. निवृत्त झालेल्या काकांनी नवाकोरा फ्रिज आणला आणि "सारखं उघडून गारवा घालवता" म्हणत त्याची किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधली.

एकदा गल्लीतल्या दवाखान्याचा फ्रिज बंद पडला, म्हणून नर्सबाईंनी बाळांच्या लशी रात्रीपुरत्या आमच्याकडे ठेवल्या. सकाळी दहा-बारा आया पोरं घेऊन अंगणात हजर, आणि काका सोवळं नेसून, मौन धरून पूजेला बसलेले!

"काका, किल्ली!" मी ओरडले. काकांनी दुरूनच 'शिवू नकोस' अशी खूण केली आणि डोळे मिटले.

नर्सबाई घायकुतीला आल्या. "जल्दी करो अम्मा, ये औरतां कामां पे निकल गए तो फिर नईं आते!"

आता काकांचाच नियम होता की नागड्या बाळाचा विटाळ नसतो. मी एका आईला विचारून तिच्या गुंडूचं झबलं काढलं आणि त्याला देवघराच्या उंबऱ्याआत सोडलं. गुंडू रांगत थेट काकांच्या मांडीवर चढला, चकचकीत किल्ली त्याने मुठीत धरली आणि जोर लावून ओढली.

"अगं, जानवं तुटेल! सोडव याला!" काकांचं मौन संपलं.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी कशी शिवू, काका? गाठ तुम्हीच सोडा."