सापडल्याची सूचना मागे घेतल्याबाबत

मी, वरच्या रकान्यात नाव लिहिलेली, पण कामावर आणि गल्लीत काजेबाई म्हणून ओळखली जाणारी, वय ६९, धंदा पूर्वी गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम, सध्या घरकाम, राहणार बेकरीच्या वरचा मजला, मुलगा व सून यांच्याजवळ, आज स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात येऊन विचारल्यावरून जबाब देते की,

'स्वतःच्या पायांनी' हे शब्द मी मुद्दाम लिहायला लावले आहेत. याआधी मला इथे आणण्यात आले होते. शहराच्या ॲपवरून लोकांच्या फोनवर सूचना पाठवणाऱ्या नियंत्रण कक्षातील एका मुलीची चौकशी चालू आहे आणि त्यात माझा जबाब हवा, असा निरोप मिळाल्यावरून मी आले आहे.

माझी मैत्रीण रुग्णालयात होती आणि मला रोज तिच्याकडे जायचे होते, हे सर्वांत आधी लिहून घ्यावे. बाकी जे काही झाले ते त्या वाटेवर झाले. कारखान्यात आम्ही एका टेबलावर बसत असू. मी काजे करायची आणि ती बटणे लावायची, म्हणून मी काजेबाई आणि ती बटण. आमचे एकमेकींशिवाय चालत नाही हे मुकादमालाही ठाऊक होते. एकीने रजा टाकली की तो दुसरीलाही विचारायचा, तू येणार आहेस की नाही. बटणने लग्न केले नाही. तिला एक भाची आहे, तीच शेवटपर्यंत तिच्याजवळ होती.

पहिल्या दिवशीची हकिगत अशी. बटण तेव्हा घरीच होती, पण दम लागून अंथरुणाला खिळली होती. मी दुपारी तिच्याकडे गेले. फोन घरी चार्जिंगला राहिला. सुनेला सांगायचे राहिले, कारण ती औषधांच्या दुकानात कामावर गेली होती. मुलगा संध्याकाळी घरी आला तेव्हा मी नाही आणि फोन टेबलावर, असे त्याने पाहिले. माझा मुलगा फ्रिज दुरुस्तीचे काम करतो, नाकासमोर चालणारा आहे, घाबरट नाही. पण त्याचे वडील असेच फोन घरी ठेवून बाहेर पडले होते आणि रस्त्यात कोसळले. ते कोण, कुठले, हे दिवसभर कोणाला कळले नाही. मुलगाच त्यांना शोधत फिरला होता. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, म्हणून या बाबतीत मी त्याला बोल लावत नाही.

त्याने शहराच्या ॲपवर मी हरवल्याची नोंद केली. धडधाकट मोठ्या माणसाची सूचना लगेच जात नाही, एक रात्र थांबावे लागते, असे त्याला तिथे दिसले. आजार निवडला तर ताबडतोब जाते, हेही दिसले. त्याने 'विसरण्याचा आजार' निवडला. त्या आजाराची एक ओळ ॲप आपणहून खाली जोडते, हे त्याला माहीत नव्हते. ती ओळ मला आता पाठ आहे. 'ही व्यक्ती आपण हरवलेलो नाही असे सांगेल. वाद न घालता गोड बोलून थांबवून ठेवावे व पोलिसांना कळवावे.' सोबत त्याने माझा फोटो लावला. तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे थेंब घातल्यावर काढलेला आहे. त्या फोटोत मी मलाच हरवलेली वाटते.

ही सूचना शहरातल्या सगळ्यांना गेली, तशी बटणच्या फोनवरही गेली. तिने चष्मा लावला, फोन बराच वेळ दूर धरून पाहिला आणि मला म्हणाली, "काजे, तू हरवलीस गं."

मी विचारले, "कुठे?"

"माझ्याच खाटेवर. बक्षीस ठेवलंय का बघते."

आम्ही इतक्या हसलो की तिला ढास लागली आणि भाचीला पाणी घेऊन धावावे लागले. मग मी भाचीच्या फोनवरून मुलाला कळवले. तो आला, मला पुष्कळ बोलला आणि मग जिन्यात बसून रडला. तिथेच त्याने ॲपवर 'सापडल्या' हे बटण दाबले. आमच्या दृष्टीने विषय तिथे मिटला.

पुढे नियंत्रण कक्षात काय झाले ते मला त्या मुलीने स्वतः सांगितले, म्हणून सांगते. मुलाने 'सापडल्या' दाबल्यावर कक्षातून तशी दुसरी सूचना सर्वांना गेली. पण पहिली जागची हलली नाही. एकाच बाईच्या दोन सूचना फोनवर लोळत पडल्या आहेत, अशी लोकांची कुरकुर सुरू झाली. वरच्या साहेबांनी सांगितले की जुनी मागे घ्या. सूचना पाठवून झाल्यावर जे निस्तरायचे असते, ते सगळे त्या मुलीकडे असते. पाठवलेली सूचना लोकांच्या फोनवरून काढून घेता येते, असे ती म्हणाली. मला हे ऐकून नवल वाटले. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही असे आम्ही ऐकत आलो, आणि इथे तो परत आणायला पगारी माणूस आहे.

त्या मुलीच्या पडद्यावर दोन्ही सूचनांना माझे नाव आणि तोच फोटो होता. ती आधी ज्या कार्यालयात होती तिथे जुने वर आणि नवे खाली, अशी रीत होती. इथे नवे वर असते. तिने सवयीने वरची मागे घेतली. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसे झाले. लोकांच्या फोनवरून मी सापडल्याची सूचना गेली आणि हरवल्याची राहिली. कक्षाच्या नोंदीत मात्र माझे प्रकरण मिटलेले दिसत होते, त्यामुळे कोणी पुन्हा पाहिले नाही.

त्याच आठवड्यात बटणला रुग्णालयात हलवले. मी तिच्यासाठी मोसंबी घ्यायला थांबले असता फळवाल्याने मला स्टूल दिले, पाणी दिले आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली. मला वाटले, मोसंबी शिळी असणार. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. पोलीस मला घरी न्यायला आले तेव्हा उलगडा झाला. मी म्हणाले की मी हरवलेली नाही. त्यावर फळवाल्याने पोलिसांकडे पाहिले आणि हळूच मान हलवली. ओळीत लिहिले होते तसेच मी बोलले होते. मी गप्प बसले असते तर म्हणाले असते, बिचारीला बोलताही येत नाही.

दुसऱ्या वेळी मी रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचले होते. रखवालदाराने मला ओळखले आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवले. बटणच्या वॉर्डच्या खिडक्या तिथून दिसत होत्या. मुलगा येईपर्यंत भेटायची वेळ संपली. त्या दिवशी मुलगा नियंत्रण कक्षात गेला. आमच्याकडे प्रकरण बंद आहे, तुमच्या आई सापडलेल्या आहेत, असे त्याला सांगण्यात आले. तो घरी येऊन म्हणाला, रविवारपर्यंत थांब, मी सोबत येतो. सूनही तेच म्हणाली. मी कोणाचा हात धरून मैत्रिणीकडे जाणार नाही, असे मी ऐकवले. हे मी बोलायला नको होते असे आता वाटते, पण तेव्हा मला फार राग आला होता.

परवा दुपारी भाचीचा फोन आला. ती म्हणाली, "मावशी, आज या. उद्यावर टाकू नका." मी लगेच निघाले आणि बसमध्ये बसले. माझ्या शेजारी कॉलेजची एक मुलगी होती. तिने माझ्याकडे पाहिले, फोनकडे पाहिले आणि उठून ड्रायव्हरशी बोलून आली. बस कडेला घेऊन थांबवण्यात आली. लोकांना कामावर जायचे होते, पण कोणी तक्रार केली नाही. मी सर्वांना स्पष्ट सांगितले, "माझी मैत्रीण चालली आहे. मला रुग्णालयात जाऊ द्या."

त्या मुलीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हो मावशी, तिच्याकडेच जातोय ना आपण."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. ती आणि कंडक्टर मला रिक्षाने इथे घेऊन आले. पाटी वाचल्यावर मी हात सोडवून घेतला, त्यात त्या मुलीचा चष्मा पडून फुटला. त्याबद्दल मला वाईट वाटते. तिने तक्रार केलेली नाही. ती निघताना माझ्या पाया पडली.

इथल्या ड्यूटीवरच्या साहेबांनी मला वार, महिना, मुलाचे नाव, घराचा पत्ता विचारला. मी सर्व बरोबर सांगितले. साहेब म्हणाले, "आज छान आठवतंय की तुम्हाला." मला चहा आणि बिस्किटे दिली, पंखा माझ्या बाजूला वळवला. नातेवाईक आल्याशिवाय सोडता येत नाही, असे सांगितले. मुलगा त्या वेळी एका शीतगृहात आत काम करत होता, तिथे फोन लागत नाही. सून फोनवर रडत होती आणि निघते म्हणाली, पण दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी भाचीचा नंबर दिला. साहेबांनी माझ्यासमोर दोनदा लावला. तिने उचलला नाही, कारण ती डॉक्टरांपाशी होती.

मी बाकावर बसून होते. समोरच्या भिंतीवर हरवलेल्या माणसांचे फोटो लावले आहेत. ते मी सगळे वाचून काढले.

भाचीचा उलट फोन आला तेव्हा साहेब उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी स्वतःची गाडी काढली आणि मला रुग्णालयात नेले. आम्ही पोहोचलो तेव्हा खाटेवरची चादर काढत होते.

भाचीने मला सांगितले ते असे. बटण सकाळपासून माझी वाट पाहत होती आणि कोणी आत आले की मान वळवत होती. भाचीने सांगितले की मावशी घरून निघाल्या आहेत. त्यावर बटण हसली. म्हणाली, "मग येईल. वाटेत कुणाला तरी सापडली असेल." त्यानंतर ती काही बोलली नाही.

नियंत्रण कक्षातील ती मुलगी काल माझ्या घरी आली. तिला कोणी पाठवले नव्हते. ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटले तरी येईना. हरवल्याची सूचना आता मागे घेतली, सगळ्यांच्या फोनवरून गेली, असे ती म्हणाली आणि रडू लागली. मी तिला बसवले आणि पाणी दिले. ती नातीच्या वयाची असेल. तिने वरचे आणि खालचे यात गल्लत केली. मी आयुष्यभर काजे केली आहेत, डाव्या बाजूची उजव्या बाजूला कितीदा तरी केली आहेत. कापड उसवून पुन्हा शिवता यायचे, म्हणून माझी नोकरी टिकली. तिची नोकरी या कारणावरून जाऊ नये, असे माझे म्हणणे आहे.

तक्रार कोणाविरुद्ध आहे, असे मला विचारण्यात आले. फळवाला, रखवालदार, बसमधील लोक, ती कॉलेजची मुलगी आणि इथले साहेब यांपैकी कोणीही मला वाईट वागवले नाही. इतकी आपुलकी मला एका आठवड्यात कधी मिळाली नव्हती. मुलाविरुद्ध माझी तक्रार नाही. तो परवापासून जेवलेला नाही. त्याला काय सांगावे ते मला अजून सुचलेले नाही.

माझी एक मागणी आहे, ती जबाबात घ्यावी. 'गोड बोलून थांबवून ठेवावे' ही ओळ काढून टाकावी. मी हरवले नव्हते, पण उद्या खरोखर हरवेन, माझे वय तसे आहेच. खरोखर हरवलेल्या माणसालाही कुठेतरी जायचे असते. त्याला कुठे जायचे ते विचारावे, खरे-खोटे पाहत बसू नये, सोबत जाऊन आधी तिकडे न्यावे आणि मग घरी पोहोचवावे. तिथे कोणी नसेल तर तेवढा फेरा फुकट जाईल. कोणी असेल तर भेट होईल.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वरच्या रकान्यात मैत्रिणीच्या नावाआधी त्यांनी 'मयत' असे लिहिले आहे, तिथे ते अडखळले आणि हा शब्द खोडू का, असे त्यांनी विचारले. शब्द बरोबर आहे, पुढे वाचा, असे मी सांगितले. बाकीचेही माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.