टँकरमधून आलेलं खोरं

तर त्या गारांच्या वर्षी मी नवस बोलले होते, जावईबापू — चहा घ्या, गार होतोय — बोलले होते की वेली पुन्हा फुटू देत, आमच्या घरातून या खोऱ्याच्या नावावर एक थेंबसुद्धा खोटा बाहेर जाणार नाही. मनातल्या मनात नाही हं, मोठ्यानं, देवासमोर, तुमचे सासरे दारात उभे असताना. हसले ते. हसले, पण त्या वर्षीची वाइन त्यांनी नुसती 'लाल वाइन' म्हणून विकली. आपल्याच बागेतली, आपल्याच हातची — तरी बाटलीवर खोऱ्याचं नाव नाही. का? तर घड फुटलेले, रस पाणचट. इथली रीतच आहे ती, वर्ष वाईट गेलं की नाव घरात ठेवायचं. तुम्हाला हसू येतंय. येणारच. तुमच्या कंपनीत नाव घरात ठेवत नाहीत, छापखान्यात ठेवतात.

काय म्हणालात? नाव आता सगळ्यांचंच झालंय? हॉटेलात कुठलीही लाल वाइन मागताना लोक आमच्या खोऱ्याचंच नाव घेतात — म्हणून? अहो, शेजारच्या घरावर आमच्या घराचा नंबर ठोका, पोस्टमन फसेल, पण आत स्वयंपाकघरात मी सापडेन का? या नावाचा अर्थ एवढाच, की ही द्राक्षं इथल्या उतारावर, इथल्या दगडांत, इथल्या धुक्यात पिकली. बस. वाइन चांगली आहे असंसुद्धा ते नाव म्हणत नाही — कुठली आहे, तेवढं सांगतं. आणि तुम्ही काय करणार? पलीकडच्या सपाट रानातला रस टँकरनं आणणार, इथल्या एखाद्या बागायतदाराच्या शेडमध्ये एक रात्र मुक्कामाला ठेवणार, आणि सकाळी तो आमचा! वा! मुक्कामाला तर तुम्हीही येता की लग्नापासून, मऊ गादी घालून देते मी — छाटणीची कात्री कशी धरतात ते कळलं का अजून? रागावू नका. मी आपलं प्रेमानं बोलतेय. तुमचा ड्रायव्हर बाहेर ताटकळलाय ना, त्यालाही चहा पाठवते.

कागद राहू द्या तिथंच. बाकीच्या सगळ्या बागवाल्यांनी सह्या केल्या, माहितीये मला, माझ्या थोरल्या दिरांनीसुद्धा — त्यांना तुम्ही काय दाखवलंत ते नका सांगू, त्यांना चकचकीत काहीही दाखवलं तरी चालतं. हे गेल्यापासून बाग माझ्या नावावर, म्हणून एक माझी सही उरली. आणि एक जरी कमी पडली तरी कंपनीला नाव वापरता येत नाही, म्हणून तर आज सकाळपासून 'आई, आई' चाललंय. माझ्या सहीवर तुमची बढती, बढतीवर मोठं घर — हो हो, माझ्याच मुलीसाठी सगळं. तिच्यासाठी! अहो, तिलाच नकोय ते. काल फोनवर रडत होती, आई, काहीही झालं तरी सही करू नकोस, आणि मी सांगितलं असं त्यांना चुकूनसुद्धा —

नाही. तसं नाही म्हणाली ती. माझंच काहीतरी… हल्ली ऐकू कमी येतं मला. बसा ना, उठलात कशाला? कप तरी खाली ठेवा. हे बघा, सही मी करत नाहीये, मी, तेव्हा राग माझ्यावर काढा, इथंच काढा. सासू हट्टी आहे, देवभोळी आहे, सांगा तुमच्या साहेबांना. तुम्ही मनानं वाईट नाही, रोज देवाजवळ मी तेच म्हणते, अजूनही म्हणते. पण तिला तुम्ही — ऐका माझं. मी बोलले होते ना, तसं तुम्हीही बोला. देव मानत नसाल, नका मानू, माझ्याकडे बघून बोला. घरी गेल्यावर तिला यातलं एक अक्षर विचारणार नाही म्हणून. मोठ्यानं बोला, जावईबापू.