जाळीवरची विभूती

बीडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी प्रिंटर मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या आधी तलवाड्याच्या बसप्पांचा नंबर होता. हनुमान कारागिराने त्यांचा सीपीयू उघडला.

“काय होतंय, काका?”

“चालता चालता आपोआप बंद पडतंय अन् परत चालू होतंय. परवा कावेरीची ऑनलाइन परीक्षा हाय.”

“पंख्यात ही पांढरी भुकटी कशाची?”

“विभूती असंल. पूजा झाली की पुढच्या जाळीला मी तीन बोटं लावतो.”

“कवापून?”

“घरी आणला तवापून. बंद पडायला लागल्यापून दोन टाइम लावतो.”

“म्हणूनच जास्त बंद पडतंय. पंखा ती आत वढतो अन् जाम होतो, मग मशीन तापतं.”

“मग लावायचीच न्हाई का? पोरीची परीक्षा हाय, हनुमान.”

“लावा की. पण ही जाळी म्हंजे त्याचं नाक हाय. विभूती कपाळाला लावतेत, नाकात न्हाई.”

“मग याचं कपाळ कुठं हाय?”

“ते तुमी ठरवा, काका. मी नाक दाखवलं.”