किहीमची एकुलती एक वाडी

मला कॉम्प्युटरमधला शहाणा म्हणता ना, मग हे ऐका. किहीमला नारळ-सुपारीच्या वाड्यांचे नकाशे करत होतो. एकेक मालक शेजारी बसून हद्द दाखवायचा, मी ती स्क्रीनवर आखायचो. नाव काय देऊ विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, "आमची वाडी." मीही तेच टाइप करत गेलो.

हे नकाशे तात्पुरते असतात, प्रोग्राम बंद केला की गेले. एकेक सेव्ह करायचा मला कंटाळा. म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली, सगळे नकाशे आपापल्या नावानं एकाच फाइलीत टाकणारी. ती चालवली आणि निर्धास्तपणे प्रोग्राम बंद केला.

दुसऱ्या दिवशी वाडीवाल्या नानांसमोर फाइल उघडली, तर आत एकच वाडी. नाव सारखं, त्यामुळे प्रत्येक नवी वाडी आधीची पुसून तिथं बसली होती. उरली ती शेवटची, नानांच्या चुलतभावाची. दोघांचा बांधावरून दावा चालू आहे.

नानांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "आमची कुठाय?"

"गेली, नाना."

"आमची वाडी घालवायला वीस वर्षं तो कोर्टात खेटे घालतोय," नाना शांतपणे म्हणाले. "त्याला हे कळू देऊ नकोस. वकील सोडून तुलाच धरेल."